नाल्यावरून गेलेली रेघ

हुरड्याचा धूर चुलीच्या धुरापेक्षा वेगळा असतो. गोवरीचा उग्रपणा त्यात असतोच, पण कोवळा दाणा भाजताना सुटणारा दुधट, गोडसर वासही असतो. तो वास शेतावरून गावात आला की माझ्या पायांना घरात राहवत नाही. परवा तो आला. मी वह्या तपासत होतो. लाल शाईचा पेन तसाच उघडा टाकला, चपला घातल्या आणि नाल्यावरची फरशी ओलांडून पल्याड पुंजाजीच्या वावराकडे चालू लागलो.

आता आमच्याकडे जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. दिवाळीच्या आत वावरं मोकळी होतात आणि माणसं रिसोडच्या बाजाराचे भाव विचारत हिंडतात. ज्वारी कमी झाली, मग हुरडाही कमी झाला. पुंजाजी मात्र अजून तुरीच्या आडोशाला वानीची चार तासं, म्हणजे चार ओळी, पेरतोच. वानी म्हणजे खास हुरड्याची ज्वारी. कणीस भरदार, दाणा टपोरा आणि चोळला की बोंडातून अलगद सुटणारा. पाखरांनाही ती फार आवडते, म्हणून शेताच्या मधोमध लपवून पेरायची. पुंजाजी आता बराच म्हातारा झाला आहे. शेत त्याची मुलगी सुमन आणि जावई पाहतात. सुमनला रिठदला दिली होती, पण पुंजाजीला मुलगा नाही, म्हणून दोघं इकडेच राहायला आली. ती माझी विद्यार्थिनी. अजूनही मला पाहिलं की हातातलं काम सोडून उभी राहते.

परवाही उभी राहिली. पण हातात कणसांऐवजी एक नकाशा होता, आणि तो पाहिल्याबरोबर माझ्या तोंडाला सुटलेलं पाणी आटलं. गावाचे वार्ड पुन्हा पाडायला घेतले आहेत. पंचवीसेक वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, अशाच धुरात, मीही असा एक नकाशा काढला होता.

दुष्काळाची वर्षं नुकतीच मागे पडली होती. ज्वारी अशी आली होती की गावाच्या बाहेर पडलं की माणूस दिसत नसे, नुसता आवाज ऐकू येई. आमचा जिल्हा तेव्हा अकोला. मी चोविशीचा, नवा मास्तर. गावात शाळेच्या दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड, आणि गावाच्या अंगाला लागून वाहणारा नाला. गावाचा मोठा भाग नाल्याच्या अलीकडे, त्यात शाळा, चावडी, दुकान, सगळं. तिसरा हिस्सा पल्याड. थंडीत नाल्यात घोट्याएवढं पाणी असायचं. पावसाळ्यात तो भरून वाहू लागला की पल्याडची पोरं घरीच अडकायची.

पहिल्या पावसाळ्यात मला हे रजिस्टरवर लाल फुल्यांच्या रांगांवरून कळलं. मग एक दिवस मी हजेरीपट घेऊन नाल्याच्या काठावरच गेलो. पल्याडच्या काठावर पोरं पोती डोक्यावर घेऊन उभी होती. मी गढूळ पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून नाव पुकारलं. तिकडून उत्तर आलं, "हजर!" दुसरं नाव. "हजर!" सुमन त्यांत सगळ्यांत लहान, आवाज सगळ्यांत मोठा. अख्खं शरीर पुढे झोकून ओरडायची, जणू आवाजाबरोबर तीही इकडे येऊन पडणार. त्यानंतर पूर असेल त्या दिवशी हजेरी काठावरच व्हायची. मी पाढे म्हणायचो, पोरं पल्याडून म्हणायची. अलीकडचे बुढे छत्र्या घेऊन तमाशा बघायला जमायचे. एकजण म्हणालाही, "मास्तर, तुमची साळा पान्यावर चालते का काय?"

हसण्यावारी जायचं सगळं. पण पुंजाजी हसत नव्हता. त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तो मला म्हणाला, "मास्तर, पोरगी हुशार हाय ते मले दिसते. पन अर्ध साल बाहीरच उभी राह्यते. अजून एक पावसाळा पाह्यतो. फरशी नाई झाली त वावरात घालतो तिले. मायच्या हाताखाली कामाले येईल."

फरशी म्हणजे नाल्यात सिमेंटचे पाइप टाकून वर दगड-काँक्रीट ओतलेला बुटका पूल. पल्याडचे लोक कित्येक वर्षं मागत होते. पंचायतीत पल्याडचा एखादाच मेंबर असे, आणि एकट्याचा हात वर जाऊन जाऊन दुखायचा.

तेवढ्यात तहसिलीतून कागद आला. गावाचे तीन वार्ड पाडायचे, एकेका वार्डातून तीन मेंबर, आणि मेंबरांनी आपल्यातला सरपंच निवडायचा. तलाठ्याकडे आणखी दोन-तीन गावं होती, त्याला नकाशा कोणी आयता काढून देत असेल तर हवाच होता. आमचे सरपंच नानाजी एका संध्याकाळी माझ्या खोलीवर आले. मोठे शेतकरी, अंगानं ऐसपैस, हसले की बाज करकरायची. शाळेच्या भिंतीवर मी रंगवलेला जिल्ह्याचा नकाशा त्यांना फार आवडे.

"मास्तर, असा हात पुऱ्या तालुक्यात नाई," ते म्हणाले. "आपल्या गावचा नकाशा तुमीच काढा. फकत एक ध्यानात ठेवा. पल्याडचे एका वार्डात राह्यले त तीन मेंबर सरळ त्यायचे. अलीकडचे दोन फुटले का आपली सरपंचकी गेली."

"मग काय करायचं, नानाजी?"

"त्यायले तीन जागी वाटा ना! नाल्याच्या काठानं रेघ मारू नका. नाल्यावरून आडव्या मारा. भाकरीचे तुकडे करता तसे."

नाही म्हणण्याची माझी हिंमत नव्हती असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. ते खरं नाही. नानाजींनी धमकी दिली नव्हती, आमिष दाखवलं नव्हतं. त्यांनी फक्त माझ्या अक्षराचं कौतुक केलं होतं. मास्तरानं असल्या भानगडीत पडू नये हे मला चांगलं ठाऊक होतं आणि पल्याडच्या काठावर उभी असलेली पोरंही मला तोंडपाठ होती. पण समोर कोरा कागद, टोकदार पेन्सिल आणि सोडवायला एक कोडं आलं, की चोवीस वर्षांच्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. त्या कामात मला फार मजा आली. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण आली.

कोडं असं होतं. पल्याडचे तीन तुकडे करून प्रत्येक तुकड्याला अलीकडचा मोठा तुकडा जोडायचा. पण अलीकडचा तुकडा पक्का नानाजींचा हवा, नाहीतर सगळं मुसळ केरात. अलीकडे कोण पक्का आणि कोण कच्चा, हे कसं ओळखायचं? नानाजींनी उपाय सांगितला. "सोपं हाय. माह्या वावरात हुरड्याले कोन येते ते पाह्यत जा. जो आपला हुरडा खाईल तो आपला."

आमच्याकडे हुरड्याचं बोलावणं हे साधं खाणं नसतं. कोण कोणाच्या आगटीभोवती बसला हे गावभर होतं. तेव्हा ही खूण मला अगदी शास्त्रीय वाटली.

तो हिवाळा मी हुरडा खाण्यात घालवला. सकाळची शाळा सुटली की एखाद्या वावरात. आगटीतल्या राखेतून कणसं निघायची, बाया ती तळहातावर चोळायच्या, फुंकरीबरोबर कोंडा उडायचा आणि हिरवे गरम दाणे ओंजळीत पडायचे. वर जवसाची चटणी, गूळ, मातीच्या गाडग्यातलं दही. नानाजींच्या वावरात तर जत्रा. माणसं येत, नानाजींना हात जोडत, खात, आणि लगेच कामाला निघून जात. मी मनात एकेका घरावर खूण करत होतो. हे घर पक्कं. हेही पक्कं. पुंजाजीच्या वावरात अलीकडचे लोक थोडे असत, पण आले की उठत नसत. ऊन कलेपर्यंत तळहात चाटत बसत. मी त्यांना कच्चं धरलं.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली. त्या वर्षी नानाजींच्या गड्यानं वानी पेरलीच नव्हती. नानाजींचा हुरडा साध्या ज्वारीचा, दाताखाली चिवट. तो लोक लिहाजापोटी खात होते. मोठ्या माणसाचं बोलावणं, नाही कसं म्हणायचं? दही-गूळ भरपूर असल्यामुळे घशाखाली जात होता, एवढंच. मी जिभेनं चव घेत होतो आणि डोक्यानं मतं मोजत होतो. जिभेचं ऐकलं असतं तर नकाशा वेगळा निघाला असता.

नकाशा देखणा झाला. तीन वार्ड, तिन्ही लांबोडके, तिन्ही नाल्यावर आडवे पडलेले. रेघ एका घराला कवेत घ्यायची, शेजारच्याला टाळायची, देवळाला वळसा घालून बोळातून पल्याड उतरायची. मी खाली नाला निळ्या शाईनं रंगवला. त्या निळ्या पट्टीवरून माझ्या दोन काळ्या रेघा कशा सफाईनं गेल्या होत्या!

नकाशा चावडीच्या भिंतीला लागला. हरकत असेल त्यानं कळवावी, असं खाली लिहिलं होतं. मी चार दिवस जीव मुठीत धरून होतो. कोणी आलं नाही. सगळे सोंगणीत, ज्वारी कापायला वावरात. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. शेजाऱ्यानं वखर चालवताना वीतभर धुरा कोरला तर भाऊ भावाला कोर्टात नेतो, नातवंडांपर्यंत तारखा चालतात. आणि इथं मी गावाच्या तिसऱ्या हिश्शाचा धुराच पुसून टाकला होता, तर बघायलाही माणूस नव्हता. धुऱ्यावर गवत उगवतं, बोरी उगवतात, तो डोळ्यांना दिसतो. वार्डाची रेघ कुठेच उगवत नाही. ती ज्याच्या दारावरून जाते त्यालाही कळत नाही. मला वाटतं, अशा रेघेवर म्हणूनच जास्त डोळे असायला हवेत.

पुढची गंमत मात्र मी जन्मात विसरणार नाही.

प्रचार सुरू झाला आणि नानाजींच्या लक्षात आलं की आपले पक्के लोक खाण्यापुरतेच पक्के होते. तिन्ही वार्डांत अलीकडची मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. मग उरली कोण? पल्याडची. ती एकजात होती, आणि माझ्या कृपेनं ती आता तिन्ही वार्डांत होती. जो पल्याड जाईल तो निवडून येईल, अशी गत झाली. उमेदवार सकाळ-संध्याकाळ जोडे हातात घेऊन, धोतर खोचून नाला ओलांडू लागले. ज्यांनी कधी पल्याडचं पाणी प्यायलं नव्हतं ते तिथं तीनतीनदा चहा घेऊ लागले. पल्याडच्या बाया दारात बसून माणसं मोजायच्या आणि हसायच्या.

एक दिवस स्वतः नानाजी निघाले. मधल्या दगडावर शेवाळ होतं. पाय सटकला आणि एवढा मोठा माणूस बसल्या बसल्या नाल्यात. काठावरची पोरं आधी घाबरली, मग सुमननं हसायला सुरुवात केली आणि सगळा काठ हसला. पुंजाजीनं हात देऊन वर काढलं, घरातलं आपलं कोरडं धोतर आणून दिलं. ते नानाजींना पुरेना. ते एका हातानं सावरून धरून नानाजी पल्याडच्या लोकांपुढे उभे राहिले.

"बाप्पा हो," ते म्हणाले, "आता मले कोनी काई सांगू नका. माह्या हाडाले समजलं. मी सरपंच झालो का नाई झालो, फरशी होईन!"

पुंजाजी म्हणाला, "नानाजी, हे तुमी दहा साल आंधी पडले असते त बरं झालं असतं."

नानाजी मेंबर झाले, सरपंचकी मात्र गेली. पण शब्द त्यांनी पाळला. सगळ्याच मेंबरांनी पाळला, कारण पल्याडच्या मतांवाचून एकजणही आला नव्हता. उन्हाळ्यात पंचायत समितीकडून पाइप आले. दगड लोकांनी आपापल्या बैलबंड्यांतून टाकले. मृग लागायच्या आत फरशी तयार झाली. पहिल्या पुराच्या दिवशी सुमन आणि बाकीची पोरं पाण्याच्या वरून चालत शाळेत आली, आणि मी वर्गात हजेरी घेतली तेव्हा सवयीनं सगळी इतक्या जोरात ओरडली की लिंबावरचे पोपट उडाले.

फरशीचा नारळ फुटला त्या दिवशी पुंजाजी बोलायला उभा राहिला. बोलायची सवय नव्हती, घाम फुटला होता. म्हणाला, "हे डोकं मास्तरचं हाय. त्यायनं पोट्ट्यायची हजरी पान्यावरून घेतली, मंग इचार केला. वार्डाच्या रेघा नाल्यावरून अशा आडव्या मारल्या का साऱ्यायलेच नाला ओलांडा लागला. मास्तर नसते त फरशी नसती." टाळ्या. माझ्या गळ्यात झेंडूचा हार. समोर सुमन, डोळे एवढे मोठे करून माझ्याकडे बघणारी. पलीकडे नानाजी, खाली मान घालून हसू दाबणारे.

मी दोन वाक्यं बोललो असतो तर भागलं असतं. मी हात जोडले आणि गप्प बसलो.

तेव्हापासून ती मास्तरची फरशी. एसटीचा कंडक्टरही म्हणायचा, "चला, मास्तरची फरशी, उतरा." बदल्या होत होत मी जऊळक्याच्या बाजूला गेलो, परत आलो, याच गावात घर केलं. नाव तसंच. खरं ठाऊक होतं ते फक्त नानाजींना. ते रस्त्यात भेटले की डोळा मिचकावून म्हणायचे, "काय मास्तर, कशी हाय आपली फरशी?" सरपंचकी गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी आठवणीनं वानी पेरली आणि मला पहिलं कणीस पाठवलं. सोबत निरोप होता, "आता मोजा." ते गेले, आणि माझं गुपित एकट्या माझ्याकडे राहिलं. सुखाचा संसार झाला माझा, मुलं शिकली, लोकांनी मान दिला. पण फरशीवरून जाताना मी अजूनही कडेकडेनं चालतो, मधून चालत नाही. बायको विचारते, काय हो, पडायचं आहे का?

तर परवा सुमननं तो नवा नकाशा माझ्यापुढे धरला. पल्याडची वस्ती आता दुप्पट वाढली आहे. त्यांना आपला वार्ड हवा, आपला मेंबर हवा, नळ हवा. नळाची पाइपलाइन फरशीच्या अलीकडे येऊन थांबली आहे. आणि नव्या नकाशात पल्याडचे पुन्हा तुकडे, या वेळी चार. अलीकडची मतं आता एकगठ्ठा आहेत, पल्याडच्या तुकड्याकडे कोणी ढुंकून बघणार नाही.

"हरकत घेतली म्या," सुमन म्हणाली. "तर अलीकडचे म्हनतात, हे त तुमच्या गुरुजीनंच घालून देल्लेलं हाय. दोनी काठ जोडाची रीत हाय म्हनतात ही. गुरुजी, तुमीच सांगा, मी काय बोलू?"

माझ्या वाईट रेघेला मी चांगलं नाव मिळू दिलं होतं. आता ते नाव वापरून दुसरे तीच रेघ मारत होते.

मी सांगून टाकलं. आगटीशी बसून, नानाजी खोलीवर आले तिथपासून. भाकरीचे तुकडे, हुरड्याची खूण, सगळं. फरशी माझ्यामुळे झाली नाही, माझी चूक झाली म्हणून झाली.

पुंजाजी ऐकत होता. मग बोळक्या तोंडानं हसला. "मास्तर, कायची बी गोष्ट करता. असा मानूस कोठी राह्यते का? पोरी, त्यायले दही दे." त्यानं माझा एक शब्द खरा मानला नाही. पंचवीस वर्षं ज्या माणसासमोर बोलायची भीती वाटली, त्यानं माझा कबुलीजबाब दह्यात बुडवला.

सुमनचे हात मात्र थांबले होते. अर्धं चोळलेलं कणीस तळहातावर तसंच. "गुरुजी," ती हळू म्हणाली, "म्हन्जे नानाजी सटकले नसते, लोकायनं त्यायचा हुरडा मनापासून खाल्ला असता, त मी साळा सोडली असती."

"हो," मी म्हणालो.

तिनं फुंकर मारून कोंडा उडवला आणि ते दाणे माझ्या ओंजळीत घातले. "रिसोडले तारीख हाय सोमवारी. हे सारं तिथं सांगसान का? सायबासमोर? लोकायसमोर?"

गुळाचा खडा तोंडात होता, म्हणून मी नुसती मान हलवली.

सोमवारी आम्ही जीपनं गेलो. पुंजाजीही हट्टानं आला, फडक्यात साहेबांसाठी हुरडा बांधून. मी सांगितलं, साहेबाला काही द्यायचं नसतं. "मंग तुमी खा," म्हणाला, "तुमाले बोलाचं हाय." तहसिलीच्या आवारात आमच्या गावची अलीकडची मंडळी आधीच उभी होती. त्यांनी मला पाहून नमस्कार केला. "या गुरुजी, बरं झालं आले. तुमचाच नकाशा हाय, तुमीच समजावून सांगा सायबाले."

कोणत्या वार्डात कोण यावं हे ठरवायचं कोणी, यावर मी इतकी वर्षं विचार केला आणि फार थोडं हाती लागलं. माणसांनी पुढे जाऊन रेघ सुधारली म्हणून रेघ मारणारा सुटत नाही. आणि जी माणसं एका नाल्याचा पूर मिळून सोसतात, त्यांना एका वार्डात बसून मिळून बोलू द्यावं. नवं असं यात काही नाही. पुंजाजीला हे न शिकता कळत होतं, मला मास्तर असून वेळ लागला. हेच मी आत बोलणार होतो, आणि त्याआधी ते दुसरं, ज्यानंतर फरशीला माझं नाव राहणार नव्हतं. गंमत म्हणजे खूप वर्षांनी छाती हलकी वाटत होती, आणि फडक्यातल्या वानीची चव जिभेवर गोड होती.

दारात शिपाई आला. कागद डोळ्यांजवळ धरून त्यानं माझं पूर्ण नाव पुकारलं.

शिपाई चार हातांवर होता. सुमन माझ्या शेजारी. तरी माझ्या तोंडून आवाज निघाला तो भरल्या नाल्याच्या पल्याड पोहोचावा एवढा मोठा. आवारातली माणसं दचकून वळली, पुंजाजीच्या हातातलं फडकं पडता पडता राहिलं, आणि सुमननं पदर तोंडाला लावला, हसू दाबायला की आणखी कशाला, ते मी पाहायला थांबलो नाही.

"हजर!"